पुढच्या सीटखालची हवा

जुना जालना
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

चि. नागसेन यास,
सप्रेम जय भीम.

हे पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल आणि त्याहून अधिक राग येईल. दोन्ही गृहीत धरून लिहितो आहे. गेल्या चार दिवसांत मी तुला सहा वेळा फोन केला. तू एकदाही उचलला नाहीस. तक्रार नाही, साडेतीन वर्षे मीही केला नव्हता. पुण्याचा पत्ता तुझ्या बायकोने, ज्योत्स्नाने दिला, तोही मला उंबऱ्याबाहेर उभे ठेवून. स्पीड पोस्टाने टाकतो आहे, म्हणजे परवापर्यंत मिळावे.

प्रयोजन केवळ तांत्रिक आहे. माझे शिक्षण वाणिज्याचे. पीयूसी केंद्र चालवीत एकवीस वर्षे झाली, तरी इंजिनाविषयी मला जे कळते ते यंत्राच्या पडद्यापुरते. पडद्यामागचे जे थोडे ठाऊक आहे ते धाकट्या भावाने शिकवलेले आहे, म्हणून त्यालाच विचारतो.

एका ग्राहकाची गाडी आहे. पेट्रोलवर चालणारी व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली, सन २०१४ ची. १८ नोव्हेंबर रोजी ती तपासणीस आली तेव्हा धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.६४ टक्के निघाला. त्या गाडीला मर्यादा ०.५ ची. मी नापास केली. ग्राहक निघून गेला आणि तासाभराने परत आला. दुसऱ्या तपासणीत तोच आकडा ०.४६ झाला. पास झाली. मात्र पडद्याच्या खालच्या ओळींत ऑक्सिजन ४.१ टक्के आणि लॅम्डा १.१९ दिसत होता.

तू सांगायचास की एक किलो पेट्रोल पुरते जळायला पावणेपंधरा किलोच्या जरा खाली हवा लागते. नेमकी तेवढी मिळाली तर लॅम्डा एक. हवा अधिक झाली तर एकाच्या वर, पेट्रोल अधिक झाले तर एकाच्या खाली. मी हे बरोबर लक्षात ठेवले आहे ना? तसे असेल तर १.१९ म्हणजे हवा बरीच अधिक. पण इंजिन त्या वेळी मुळीच अडखळत नव्हते. त्या वयाच्या गाडीला लॅम्डाची अट लागू नाही आणि प्रमाणपत्रात त्यासाठी रकानाही नाही, हे तुला माहीत आहेच.

प्रश्न असा. इंजिनातून निघणाऱ्या पहिल्या नळीचा जोड, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडचा जोड, कुणी ढिला केला, तर पुढच्या काही दिवसांत गाडीचा संगणक काय करील? आणि तो धूर आत, माणसे बसतात तिथे, येऊ शकतो काय?

निव्वळ जिज्ञासा म्हणून विचारतो आहे. तरी उत्तर शक्य तितक्या लवकर द्यावे.

येथे सर्व कुशल. तुझी मोनाली बरी आहे. थंडीमुळे तिचे डोके थोडे दुखते, एवढेच.

तुझा,
राजानंद

*

जुना जालना
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

चि. नागसेन यास,

तुझे पत्र आज सकाळी अकरा वाजता मिळाले. आरंभी जय भीम नाही, शेवटी सही नाही. तरी लिहिलेस. मी ते आतापर्यंत इतक्यांदा वाचले आहे की पाठ झाले आहे:

"जोड ढिला केला की बाहेरची हवा नळीत ओढली जाती. सेन्सरला वाटतं इंजिनात हवा जादा झाली. कंप्युटर त्याचं ऐकून पेट्रोल वाढवतो. खरी हवा कमीच असती, मंग अर्धवट जळतं. पहिल्या दिवशी आकडा चांगला येतो. नंतर कंप्युटर त्या खोट्याला सरावतो आन् रोज थोडं थोडं पेट्रोल वाढवत जातो. चढाला गाडी जोर लावती तेव्हा तोच जोड धूर बाहेर फेकतो, सीटच्या खाली. वास येईलच असं न्हाई. मी ढिला करायचो तेव्हा तासाभरात परत आवळायचो. तुम्ही ते इचारलंच न्हवतं. गाडी कुणाची? आधी आवळा."

होय. मी विचारले नव्हते.

गाडी वसंताची आहे. तुझ्या वहिनीच्या धाकट्या भावाची. गेली दोन वर्षे तो तीत शाळेची मुले नेतो. जुन्या जालन्यातून गोळा करीत, पूल ओलांडून, मंठा रस्त्यापर्यंत. सगळी मिळून पन्नास मिनिटे. मुले अकरा.

आता १८ नोव्हेंबरविषयी. मागील पत्रात मी लिहिले की ग्राहक निघून गेला आणि तासाभराने परत आला. त्या तासात काय झाले ते मला ठाऊक नव्हते, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. तो खरा नाही. ऑक्सिजनचा आकडा दिसताच मला कळले होते. हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहितो आहे. मला कळले होते, कारण तो आकडा मी यापूर्वी पाहिला होता: २०२१ च्या जूनमध्ये, तू मोकळ्या केलेल्या एका गाडीच्या नळीत. त्या दिवशी मी केंद्राच्या ओट्यावर उभा राहून, चार ग्राहकांच्या देखत, तुला चोर म्हणालो. तुझी हत्यारांची पेटी रस्त्यावर ठेवली. तू काही बोलायला तोंड उघडले होतेस आणि मी "एक शब्द नको" असे म्हटले होते. तो शब्द "आवळतो" हा असावा, हे आज कळते.

मग वसंताला का सोडले? आकडा मर्यादेत होता आणि नियमाने मला अडविण्याचा अधिकार नव्हता, असे मी स्वतःस सांगितले. ते खरेही आहे. पण असली कारणे मी दुसऱ्यांकडून कधी ऐकून घेतली नाहीत. यंत्रापायी एक माणूस घालवून बसलो होतो. दुसरा, तोही कौसल्येचा भाऊ, घालविण्याची हिंमत झाली नाही. मी बटण दाबले. कागद छापून आला.

गेल्या शुक्रवारी, सहा तारखेला, अभिवादनाला गेलो होतो. तिथे वसंता भेटला. पांढरा सदरा, हातात मेणबत्त्यांचा पुडा. त्याला बाजूला घेतले.

"वसंता, तो जोड आवळलास का?"

"कोन्ता जोड, दाजी?"

"अठरा तारखेला जो ढिला केलास तो."

तो हसला. "मी कशाला करू? मिस्तरीनं केला. आन् पास झाली ना गाडी? कागद तुमच्याच हातचा हाय."

"मुलांची डोकी दुखतात असे ऐकतो."

"ती अभ्यासानं दुखून राह्यली. थंडीच्या काचा लावल्या की झोपा काढतेत बिचारी. लई गुणाची झाली पोरं, दाजी. पहिले नुसता गोंधळ घालायचे. आता बसले की चूप."

हे त्याने कौतुकाने सांगितले. मी मात्र तिथून घरी येईपर्यंत दोनदा रस्ता चुकलो. या गावात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

रविवारी गाडी मिस्तरीला दाखवतो असे त्याने कबूल केले होते. काल रविवार होता. तो कुंभार पिंपळगावला लग्नाला गेला, गाडी घेऊनच गेला. आज सकाळी मुले पुन्हा त्याच गाडीतून शाळेत गेली.

पुढे काय करावे ते लिही. फोन उचललास तर अधिक बरे.

राजानंद

*

जुना जालना
बुधवार, ११ डिसेंबर २०२४
सकाळी साडेदहा

नागसेन,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे, कारण सोमवारच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही, आणि ती न लिहिल्यामुळे ते पत्र खोटे ठरते.

अकरा मुलांत एक मोनाली आहे.

वसंताच्या मागच्या सीटवर, डाव्या खिडकीकडची जागा तिची. तुला हे ठाऊक नसावे. जूनपर्यंत ती रिक्षाने जात होती; पुढे मीच ज्योत्स्नाला सांगितले की घरचा माणूस आहे, गाडी चांगली आहे. २८ नोव्हेंबरला तिला शाळेत पोचताच ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्योत्स्ना म्हणाली, सकाळी दूध पचत नाही. तिने दूध बंद केले. मी ते ऐकले आणि घरी येऊन तुला पहिला फोन लावला. तो माझा पहिला फोन होता, हे तू तारीख पाहून ताडून पाहू शकतोस. पहिल्या पत्रातली जिज्ञासा ती ही.

आता याहून कठीण. सोमवारी तुझे पत्र आल्यावर मी ज्योत्स्नाकडे गेलो आणि म्हणालो की मंठा रस्त्याकडे माझे रोजचे काम निघाले आहे, मोनालीची ने-आण मी स्कूटरवर करीन. तिने माझ्याकडे थोडे रोखून पाहिले, पण पाठवली. काल आणि आज मीच नेली. आज पुलावर वारा फार होता. तिला पुढे उभी करून माझा मफलर तिच्या कानांवरून गुंडाळला. ती म्हणाली, "मोठेबाबा, गाडीत लई झोप येती. तुमच्या स्कूटरवर येतच न्हाई."

मी विचारले, "बाकीच्यांनाही येते का झोप?"

"हाव. आर्पिता तर तोंड उघडं टाकून झोपती. आमी तिच्या तोंडात कागदाचा बोळा टाकायचा इचार करून राह्यलो होतो."

ती हसत होती. मी स्कूटर चालवत होतो आणि आमच्या पुढे, शंभर पावलांवर, वसंताची व्हॅन चढ चढत होती. काचा बंद. मागच्या काचेला टेकलेले एक डोके दिसत होते. कुणाचे ते कळले नाही. मी हॉर्न वाजविला नाही. गाडीपुढे जाऊन आडवा उभा राहिलो नाही. माझ्या स्कूटरवर माझी पुतणी सुरक्षित होती आणि उरलेली दहा मुले माझ्या डोळ्यांदेखत त्या गाडीत होती, आणि मी अंतर राखून चालवत होतो.

कौसल्येला काल सगळे सांगितले. तिचे म्हणणे, "गाजावाजा कशाला? गुपचूप आवळून घ्या. त्याचं पोट त्या गाडीवर हाय आन् तुमची अब्रू त्या यंत्रावर." मी वसंताला घेऊन मिस्तरीकडे गेलोही. त्याने खाली वाकून पाहिले आणि सांगितले की नटाचा खिळाच तुटला आहे, जोडातली जाळीची पट्टी जळून गेली आहे. नुसते आवळून भागणार नाही. सामान मागवावे लागेल, दोन दिवस गाडी उभी ठेवावी लागेल. वसंता म्हणाला, "नाताळच्या सुट्टीत करू की." आणि मी, नागसेन, गप्प राहिलो.

दुपारी दीड

पाकीट बंद करणार होतो. जेवताना वसंता आला. ताटावर बसला नाही. बहिणीला म्हणाला, "ताई, आज ती आर्पिता उठंच ना. समदे उतरले. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. उचलून खाली घेतली, पाणी मारलं, तवा डोळे उघडले. बाई म्हणल्या जागरन झालं असंल."

त्याने हे सांगताना माझ्याकडे पाहिले नाही.

शाळा सुटून मुले घरी पोचली आहेत. पुढची फेरी उद्या सकाळी साडेसातला. ती निघणार नाही. हे मी तुला लिहून देतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

राजानंद

*

जुना जालना
शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४

नागसेन,

गाडी निघाली नाही.

काल सकाळी सव्वासहाला वसंताच्या दारात गेलो. तो गाडीची काच पुसत होता. म्हणालो, केंद्रावर चल. त्याला वाटले मी पुन्हा धूर तपासणार. मीही तसेच समजून चाललो होतो. पण यंत्राची नळी हातात घेतली आणि गाडीच्या मागे जाण्याऐवजी मधले दार उघडले. दारात यंत्र शून्यावर आणले. आकडा ०.०० पक्का झाल्यावर नळीचे टोक मोनालीच्या जागेवर, तिचे तोंड जिथे येत असेल त्या उंचीवर, सीटच्या पाठीला सुतळीने बांधले. दार लावले, काचा चढविल्या. खिडकीच्या फटीतून तेवढी नळी बाहेर. वसंता पुढे, मी मागे. त्याला म्हणालो, इंजिन चालू कर आणि चढावर असल्यासारखा पाय दाबून धर.

पडदा ओट्यावर, काचेतून दिसत होता. चार मिनिटे शून्य. वसंता म्हणाला, "बघा. उगी डोक्यात भरून घेतलं तुम्ही."

मग ०.०१.

मग बराच वेळ तेच. नंतर ०.०२. नंतर ०.०३.

"दाजी, पॉइंट पाचपर्यंत पास असती ना? मंग ही तर फर्स्ट क्लास पास."

"ती मर्यादा धुराच्या नळीची आहे, वसंता. हा आपला श्वास आहे."

०.०४ झाले. म्हणजे हवेच्या दहा हजार भागांत चार. कागदावर काहीच नाही. माझ्या कपाळाच्या मागे काही तरी दाबू लागले होते. ते खरे होते की भीतीने होते, सांगता येत नाही. आम्ही अकरा मिनिटे बसलो होतो. मुले पन्नास मिनिटे बसतात, आणि शेवटची चढणारी नव्हे, पहिली चढणारी पन्नास मिनिटे बसते. पहिली अर्पिता चढते. तिचे घर वसंताच्या गल्लीत आहे.

वसंताने किल्ली फिरवली. दोन्ही दारे उघडून आम्ही खाली उतरलो. तो ओट्यावर बसला, हात गुडघ्यांवर. म्हणाला, "काल मी तिला उचलली ना दाजी. कायबी वजन लागलं न्हाई. पिसासारखी लागली." आणि मग मान खाली घालून रडला. मी उभा होतो. त्याला धीर देण्याचा अधिकार मला नव्हता, कारण गाडी त्याची असली तरी आकडा मला कळत होता.

मग दारोदार गेलो. वसंता येतो म्हणाला, त्याला बरोबर घेतले. दहा घरी तेच सांगितले, त्याच शब्दांत: गाडीच्या नळीतून विषारी धूर आत येत होता, हे मला चोवीस दिवसांपासून ठाऊक असायला हवे होते आणि तीन दिवसांपासून नक्की ठाऊक होते; प्रमाणपत्र मी दिले आहे; मुलाला आज दवाखान्यात दाखवा. एका घरी वडिलांनी वसंताची कॉलर धरली. एका आजींनी आम्हांला चहा विचारला; त्यांना मी सांगितलेले कळलेच नसावे. पुन्हा सांगितले. अर्पिताची आई साधना धुणे टाकून तशीच निघाली, ओल्या हातांनी, मुलीला घेऊन सरकारी दवाखान्यात. रक्त तपासले. दिवसभर ऑक्सिजन लावून ठेवला. संध्याकाळी घरी सोडले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणली. हे वाक्य मी स्वतः जाऊन त्यांच्याकडून पुन्हा ऐकून आलो.

सर्वांत शेवटी ज्योत्स्नाचे दार. ते शेवटी ठेवण्याला काही कारण नव्हते. घर सर्वांत जवळ होते.

मी सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हंजी दोन दिवस तुम्ही तिला स्कूटरवर नेली, तवा तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"आन् बाकीची?"

तिने दार लावले नाही, नुसती आत निघून गेली. मोनालीला तिने काल आणि आज दोन्ही दिवस दवाखान्यात नेले. रक्त स्वच्छ आहे. आजचा कागद मी पाहिला. तिने तो माझ्या हातात दिला नाही, लांबून दाखविला.

आज परिवहन कार्यालयात अर्ज दिला. त्यात लिहिले आहे की अमुक क्रमांकाचे प्रमाणपत्र मी जाणूनबुजून दिले. समोरच्या बाबूंनी "नजरचुकीने" असा शब्द सुचविला. मी "जाणूनबुजून" ठेवला.

राजानंद

*

जुना जालना
रविवार, २२ डिसेंबर २०२४

चि. नागसेन यास,
सप्रेम जय भीम.

गेल्या रविवारी तू वसंताला फोन केलास तेव्हा मी तिथेच होतो, हे तुला कळले होतेच. मिस्तरी गाडीखाली, वसंताने फोन टायरजवळ स्पीकरवर ठेवलेला. तुझा आवाज साडेतीन वर्षांनी ऐकला. तो जाड झाला आहे. "खिळा गरम करून काढा, जोर लावू नका. पट्टी नवी. इंजिनावरच्या झाकणाचं रबर बी बदला, ते फाटेल असंल." तू असे एक तासभर सांगत होतास आणि मिस्तरी, जो कुणाचे ऐकत नाही, "हाव साहेब, हाव साहेब" करीत होता. मग तू विचारलेस, "दादा हायत का तिथं?"

वसंता म्हणाला, "हायत."

"त्यांना म्हणा, कंप्युटरला जुनं शिकवलेलं पुसल्यावर गाडी दहा किलोमीटर पळवा. मंग काचा लावून आत मोजा. एकदा न्हाई, तीनदा."

तू माझ्याशी बोलला नाहीस, वसंताकरवी बोललास. मी मात्र "बरं" असे थेट तुला म्हणालो. ते तुला ऐकू गेले की नाही, कुणास ठाऊक. फोन लगेच बंद झाला.

तीनदा मोजले. एकदा रविवारी, एकदा सोमवारी सकाळी थंड इंजिनावर, एकदा मंगळवारी पुलापलीकडच्या चढावर चालत्या गाडीत, यंत्र मांडीवर घेऊन. तिन्ही वेळा ०.००, पंचवीस पंचवीस मिनिटे. मागच्या नळीत लॅम्डा १.०१, ऑक्सिजन ०.३, कार्बन मोनॉक्साइड ०.२२. मंगळवारी दुपारी केंद्राचा परवाना तहकूब झाल्याचे पत्र आले. यंत्रावर आता कापड घातले आहे. चौकशी किती महिने चालेल ते सांगता येत नाही आणि मी कुणाला विचारलेलेही नाही.

बुधवारी वसंता घरोघर विचारायला गेला, की गाडी दुरुस्त झाली, मुले पाठवता का. तिघांनी दार उघडले नाही. दोघांनी दुसरी गाडी लावली आहे. साधनाने त्याला उभे केले, मला बोलावणे धाडले आणि सगळ्या गल्लीच्या देखत म्हणाली, "कागद दाखवू नका, आकडे सांगू नका. तुम्ही स्वता बसा गाडीत. आर्पिता जिथं बसते तिथं. पैल्या घरापासून शाळेपर्यंत, काचा लावून. जाऊन-येऊन. मंग पाठवते."

वसंता म्हणाला, "ताई, दाजी रोज कसं..."

"मंग पोरगी बी न्हाई."

मी बसतो. गुरुवारपासून. सव्वासातला वसंताच्या दारातून गाडीत चढतो, मधल्या सीटवर उजवीकडे, गुडघे छातीशी घेऊन. माझ्या शेजारी अर्पिता. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे संशयाने पाहत होती, दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "तुम्ही कितवीला हायत?" एकूण पाच मुले आहेत. ती फार गोंधळ घालतात. एक जण पायाने माझ्या पाठीवर ताल धरतो. काल चढावर त्यांनी एवढा आरडाओरडा केला की वसंताला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी तरी दर दोन मिनिटांनी प्रत्येकाचे नाव घेऊन हाक मारतो. उत्तर आल्याशिवाय पुढचे नाव घेत नाही. हे किती दिवस चालेल, ठाऊक नाही.

मोनाली येत नाही. डावीकडची ती जागा कुणी घेतलेली नाही. मुले तिथे दप्तरे ठेवतात. तिला ज्योत्स्ना रिक्षाने पाठवते. परवा मी ज्योत्स्नाला विचारले. ती म्हणाली, "तिच्या बापाला इचारा. तो म्हनला हो, तर पाठवीन."

म्हणून विचारतो आहे. गाडीचे आकडे वर दिले आहेत. ते माझ्या हाताने मोजलेले आहेत आणि माझ्या हातावर विश्वास ठेवायला मी तुला काहीच कारण दिलेले नाही. तेव्हा तू हो म्हणावेस असे मी लिहिणार नाही. नाही म्हणालास तरी मला चालेल. फक्त तसे कळव, म्हणजे मी ती जागा दुसऱ्या मुलाला देण्यास वसंताला सांगेन.

उत्तर पत्राने दे, फोनने दे, किंवा वसंताकरवी दे. उद्या सोमवार. गाडी साडेसातला निघते आणि मी सव्वासातपासून आत असतो.

तुझा,
राजानंद